वारसा नाकारलेल्या पिढीचे संगीत

काही संगीत पहिल्या भेटीत आपले होत नाही. दोष कानांचा नसतो. जे देण्याचा त्या संगीताचा उद्देशच नसतो, त्याची आपण वाट पाहत बसतो, एवढेच. साधारणपणे 1968 ते 1975 या काळात पश्चिम जर्मनीत उदयास आलेला रॉक संगीताचा एक प्रवाह असाच दुर्बोध मानला जातो. त्याला ‘क्राउटरॉक’ म्हणतात. ‘क्राउट’ हा जर्मन माणसाला हिणवण्यासाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थावरून तो पडला आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी तो या संगीताला चिकटवला. या थट्टेच्या नावाआड मात्र एका पिढीची गंभीर व्यथा दडलेली आहे.

हे संगीत रचणारे बहुतेक तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेले. घरात वडील होते, पण ‘त्या वर्षांत तुम्ही काय करीत होता?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. 1963 ते 1965 या काळात ऑशविट्झच्या छळछावणीतील अधिकाऱ्यांवर फ्रँकफुर्टमध्ये खटला चालला आणि घराघरांतील ते मौन अधिकच असह्य झाले. संगीताच्या बाबतीतही तीच कोंडी होती. लोकगीते आणि कूचगीते नाझींनी आपल्या प्रचारासाठी वापरून विटाळली होती. ‘श्लागर’ नावाची गोड गाणी जणू काही घडलेच नाही अशा थाटात रेडिओवर वाजत होती. अमेरिकन व इंग्लिश रॉक मोहक होते खरे, पण ते दुसऱ्यांच्या अनुभवातून जन्मले होते. वडिलांचे घेववत नाही आणि शेजाऱ्यांचे आपले नाही, अशा स्थितीत काय करावे? या तरुणांनी शून्यापासून आरंभ करायचे ठरवले. त्यांच्यातील एका वाद्यवृंदाचे नावच ‘नॉय!’, म्हणजे ‘नवे!’ असे होते.

तरीही शून्य कधी पूर्ण रिकामे नसते. कोलोन शहरातील रेडिओ केंद्रात कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन हे कॅथलिक संस्कारांत वाढलेले संगीतकार विद्युत्-ध्वनींचे प्रयोग करीत होते. त्यांच्या आजारी आईला नाझी राजवटीने 1941 मध्ये ठार केले होते. 1956 मध्ये त्यांनी सादर केलेल्या एका प्रसिद्ध रचनेचा आधार आहे दानिएलच्या ग्रंथातील अग्निकुंडात टाकलेल्या तीन तरुणांचे स्तुतिगीत. एका बालकाचा आवाज तिच्यात यंत्रनिर्मित ध्वनींशी एकजीव होतो. ज्वाळांमधून उमटणाऱ्या स्तुतीसाठी त्या देशात याहून समर्पक रूप कोणते असणार?

इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय हे स्टॉकहाउझेन यांचे शिष्य. त्यांनी 1968 मध्ये कोलोन येथे ‘कॅन’ हा वृंद स्थापन केला. हे वादक तासन्‌तास उत्स्फूर्त वाजवीत आणि नंतर चुकाय ध्वनिफिती कापून व जोडून त्यांतून रचना घडवीत. 1970 मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाणारा दामो सुझुकी हा जपानी तरुण त्यांना दिसला आणि त्याच रात्री तो त्यांच्यासोबत रंगमंचावर उभा राहिला. जिथे एकेकाळी वंशशुद्धीचा उद्घोष झाला, तिथे एका वाटसरूसाठी अशी जागा झाली. त्यांची ‘टागो मागो’ ही जोडतबकडी 1971 ची.

ड्युसेलडॉर्फच्या ‘नॉय!’ची वाट निराळी होती. क्लाउस डिंगर यांच्या ड्रमचा ठेका दहा-दहा मिनिटे जवळजवळ बदलत नाही आणि त्यावर मिखाएल रोटर यांची गिटार हळुवार तरंगत राहते. रोटर यांच्या बालपणाची काही वर्षे कराचीत गेली होती आणि तेथील न संपणाऱ्या सुरांचे आकर्षण त्यांनी पुढे बोलून दाखवले आहे. म्युनिकच्या ‘पोपोल वू’ वृंदाचे फ्लोरियान फ्रिके यांनी तर 1972 च्या ‘होसियाना मंत्र’ या तबकडीत सिंथेसायझर बाजूला ठेवून पियानो, ओबो आणि चक्क आपला तंबोरा वापरला.

या इतिहासातील एक प्रसंग आपण विशेष ध्यानात ठेवावा. फ्रान्समधील रॅन्सचे महामंदिर 1914 मध्ये जर्मन तोफांनी उद्ध्वस्त केले होते. त्याच मंदिरात 1962 मध्ये फ्रान्सचे द गॉल आणि जर्मनीचे आडेनाउअर मिस्साबलिदानाला एकत्र उपस्थित राहिले. पुढे 13 डिसेंबर 1974 रोजी बर्लिनच्या ‘टँजरीन ड्रीम’ वृंदाने तेथे वादन केले. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक गर्दी लोटली, मंदिराची अस्वच्छता झाली आणि त्यावर कडक टीकाही झाली. ती टीका अनाठायी नव्हती. परंतु पुढल्याच वर्षी हा वृंद इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या महामंदिरात वाजवीत होता. त्या शहराचे जुने महामंदिर 1940 मध्ये जर्मन बाँबफेकीत जळाले होते. बापांनी जिथे आग पाठवली, तिथे मुले सूर घेऊन गेली.

नवख्या श्रोत्याने सुरुवात ‘नॉय!’च्या ‘हॅलोगॅलो’ या 1972 च्या रचनेने करावी. ध्रुवपदाची वाट पाहू नये. तबल्याच्या एकलवादनात लेहरा तसाच फिरत राहतो, लितानीत तेच उत्तर पुन्हापुन्हा येते आणि त्या पुनरावृत्तीतच मन स्थिरावते, तसे येथे ठेक्यावर विसंबावे. मग ‘होसियाना मंत्र’ ऐकावे. ‘टागो मागो’चा उत्तरार्ध मात्र सर्वांत शेवटी ठेवावा; तो कठीण आहे आणि एकट्याने ऐकण्यापेक्षा कुणाच्या सोबतीने ऐकलेला बरा.

हे संगीत सर्वांना आवडेलच असे नाही, आवडलेच पाहिजे असेही नाही. पण आपल्या घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी काही कर्कश ऐकत असेल, तेव्हा ‘हा गोंगाट बंद कर’ म्हणण्यापूर्वी ‘यात तुला काय ऐकू येते?’ एवढे तरी पालकांनी विचारावे. जर्मनीतील त्या पिढीला प्रश्न पुष्कळ होते. घरात उत्तरे मिळाली नाहीत, म्हणून तिने ते वाद्यांना विचारले.