शब्दवेध : ‘चिल्ड्रेन’चे दुहेरी अनेकवचन

इंग्रजीतली अनियमित अनेकवचने लहरी मानली जातात. मला ती जुन्या नियमांचे अवशेष वाटतात. ‘फूट’चे ‘फीट’ झाले, कारण फार पूर्वी अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’सारखा स्वर होता, त्याने आधीचा ‘ओ’ बदलून टाकला आणि स्वतः झिजून गेला. ‘चिल्ड्रेन’ तर दोनदा घडले. जुन्या इंग्रजीतल्या ‘चिल्ड्रु’मधला ‘र’ अनेकवचनाचाच होता. पुढे तो तसा ओळखू येईना, तेव्हा बोलणाऱ्यांनी त्यावर ‘ऑक्सेन’मधला ‘एन’ही चढवला.

रोजच्या वापराने हे शब्द तगले, असे म्हणतात. बरेचसे खरे आहे. पण ‘बुक’ही रोजचाच शब्द. त्याचे प्राचीन अनेकवचन ‘बेच’ असे, ‘फीट’च्याच चालीचे, आणि तरीही त्याला शेवटी ‘एस’ लागलाच.