एका बाइटची गोष्ट

इंजिनिअरिंगची डॉक्टरेट हाती पडेपर्यंत मी नीतिशास्त्राचा एकही तास ऐकला नव्हता. बाइटचे गणित मात्र घोटून झाले होते. पुढे नोकरीत असताना थेरॅक-२५ ची हकिकत वाचली.

कॅनडात बनलेल्या या किरणोपचार यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ दरम्यान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. काही दगावले. आधीच्या थेरॅक-२० मध्ये चूक अडवणारी स्वतंत्र विद्युतयंत्रणा होती; ती काढून सारी भिस्त प्रोग्रॅमवर ठेवली. याकिमा (वॉशिंग्टन राज्य) येथे १९८७ साली जे घडले त्यामागे एकच बाइट होता. यंत्राचे भाग जागेवर आहेत का, ही तपासणी करायची खूण म्हणून त्यातला आकडा दर फेरीला एकाने वाढे. बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतात. २५६व्या फेरीला शून्य, म्हणजे तपासणीला रजा! नेमके तेव्हाच बटण दाबले गेले. उपाय एका ओळीचा: आकडा वाढवू नका, शून्य नसलेला ठरावीक ठेवा.

अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालेल्या इंजिनिअरिंग पदवीच्या निकषांत नैतिक जबाबदारीची जाण आली, हे बरेच झाले. पण माझ्या मते तिला वेगळा तास नको, प्रोग्रॅमिंगचाच हवा. नव्या मुलांना मी ही ओळ दाखवतो. चूक पाच मिनिटांत सापडते; ती यंत्रणा काढली कशाला, यावर मात्र तासभर वाद चालतो.