मकरपुऱ्याचा राजवाडा : एका वास्तूचे पाठभेद



जन्मभर पोथ्यांच्या पाठभेदांत रमलेल्या माणसाने वास्तुशिल्पावर बोलावे, हे काहीसे धाडसाचेच आहे. परंतु जुना वाडा हीदेखील एक पोथीच असते. मूळ लेखक एक, पुढे भर घालणारे अनेक. इंग्लंडातील चॅट्सवर्थचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकातील घर १६८७ पासून नव्याने बांधले गेले आणि एकोणिसाव्या शतकात त्याला उत्तरेकडे एक लांबलचक भाग जोडला गेला. मग त्यातले ‘खरे’ घर कोणते?

आपल्याकडे हा प्रश्न मकरपुऱ्याच्या राजवाड्याने उभा केला आहे. शहराच्या दक्षिणेला खंडेराव महाराजांनी आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८७० च्या सुमारास, तो इटालियन धर्तीवर बांधविला. माझ्या लहानपणीही मकरपुरा म्हणजे गावाबाहेर. खंडेरावांच्या काळी तर तो रानालगतचा विसावा असणार. पुढे मल्हारराव पदच्युत झाले, १८७५ मध्ये कवळाण्याचा बालक दत्तक येऊन सयाजीराव झाला, आणि त्यांच्या कारकिर्दीत रॉबर्ट चिझम यांच्याकडून या वाड्याचा विस्तार झाला.

या चिझमसाहेबांच्या वाट्याला बडोद्यात दुसऱ्याने आरंभिलेले पुढे नेणेच वारंवार आले. लक्ष्मीविलासाचे काम चालू असतानाच १८८१ मध्ये मेजर मँट निवर्तले आणि तो प्रासाद १८९० मध्ये चिझम यांनी पुरा केला. आपले गणित चुकले, इमारत कोसळेल, या धास्तीनेच मँट गेले अशी आख्यायिका आहे. इमारत अद्याप ढळलेली नाही, आख्यायिकाही नाही!

संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि वाड्यांना नवे धनी मिळाले. लालबागेतील प्रतापविलासात १९५२ साली रेल्वेचे स्टाफ कॉलेज आले. आज तेथे गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. मकरपुऱ्यात हवाई दलाचे प्रशिक्षण विद्यालय आहे. भोवती कारखान्यांची वसाहत पसरली. सर्वसामान्यांना आत प्रवेश नसल्याने आपल्यापैकी पुष्कळांना वाडा ऐकूनच ठाऊक.

अशा वास्तूचे जतन करताना ‘मूळ रूप’ परत आणण्याचा आग्रह धरला जातो. त्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्यामागे ग्रंथकर्त्याचा शब्द परत मिळविण्याची निष्ठा होती. वाड्याला मात्र असा एकच ग्रंथकर्ता नसतो. सयाजीरावांची भर प्रक्षिप्त ठरवून काढली, तर खंडेरावांचा वाडा हाती लागणार नाही, केवळ आपल्या कल्पनेतला लागेल. शिवाय सैनिकी विद्यालयाने केलेले फेरफारही इतिहासच आहेत, मग ते आपल्याला रुचोत वा न रुचोत.

म्हणून डागडुजीच्या आधी एक काम व्हावे. परवानगी मिळवून आपल्या विश्वविद्यालयाच्या वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी वाड्याची भिंत न् भिंत मोजावी, आणि कोणता भाग कोणत्या कारकिर्दीतला हे आराखड्यावर निरनिराळ्या रंगांनी दाखवावे. नजरबागेबाबत तेवढीही सोय उरलेली नाही. २०१४ साली तो वाडा पाडण्यात आला.