उभयचर हलके क्रीडाविमान

जमिनीवरून व पाण्यावरून उड्डाण करणारे आणि दोन्ही ठिकाणी उतरू शकणारे, जास्तीत जास्त दोन आसनांचे, एका एंजिनावर चालणारे छोटे विमान. हौस, सहल व प्रशिक्षण हे त्याचे मुख्य उपयोग असून व्यापारी प्रवासी वाहतुकीसाठी ते वापरत नाहीत. केवळ पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानास जलविमान म्हणतात. जलविमानाला वर ओढून घेता येणारी चाके बसवली की ते उभयचर होते. होडी आणि विमान या दोघांची कामे कायद्याने ठरवून दिलेल्या मोजक्या वजनात बसवायची, ही या विमानांची मूळ अट आहे आणि त्यांचे बहुतेक गुणदोष याच अटीतून आले आहेत.

पूर्वेतिहास : फ्रेंच अभियंते आंरी फाब्र यांनी २८ मार्च १९१० रोजी फ्रान्समधील मार्तीग गावाजवळच्या खाजणात पाण्यावरून एंजिनाच्या शक्तीवरचे पहिले उड्डाण केले. अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांनी १९११ मध्ये फ्लोटच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ तरंगकांच्या, विमानाला चाके जोडून उभयचर विमान सिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्यांनी होडीच्या आकाराच्या तळाचे विमान उडवले. दुसऱ्या महायुद्धानंतर खाजगी मालकांसाठी रिपब्लिक कंपनीचे ‘सीबी’ हे उभयचर विमान बाजारात आले. पर्सिव्हल स्पेन्सर यांच्या रचनेवर आधारलेल्या या विमानाच्या १९४७ पर्यंत सु. १,०६० प्रती तयार झाल्या. भरलेल्या सीबीचे वजन मात्र १,४०० किग्रॅ.च्या वर जाई. १९५८ मध्ये उडालेले फोल्मर जेन्सन यांचे व्हीजे-२२ हे त्याहून कितीतरी हलके होते आणि नकाशे विकत घेऊन हौशी माणसे ते घरी बांधत. आजच्या हलक्या उभयचर विमानांची परंपरा सीबीपेक्षा या घरबांधणीच्या विमानांशी अधिक जुळते.

वर्ग व नियम : अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने २००४ मध्ये ‘हलके क्रीडाविमान’ हा वर्ग निर्माण केला. त्यानुसार आसने दोन, एंजिन एक व पिस्टनचे, पूर्ण शक्तीवरील सपाट उड्डाणाचा वेग १२० नॉटपर्यंत (सु. २२२ किमी. प्रतितास) आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) न वापरता स्टॉलचा वेग ४५ नॉटपर्यंत (सु. ८३ किमी. प्रतितास) अशा मर्यादा ठरल्या. स्टॉलचा वेग म्हणजे ज्याखाली पंख विमानाचे वजन पेलू शकत नाहीत तो वेग. उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन जमिनीवरील विमानांसाठी ६०० किग्रॅ. आणि पाण्यावरील विमानांसाठी ६५० किग्रॅ. असे ठरले. जमिनीवरच्या विमानांची चाके या वर्गात स्थिर असावी लागत. पाण्यावरच्या विमानांना मात्र चाके वर घेण्याची मुभा मिळाली. युरोपीय महासंघाच्या २०१८ च्या कायद्यातही हलक्या विमानांसाठी ६०० व ६५० किग्रॅ. याच मर्यादा आढळतात.

या वर्गासोबत अमेरिकेत ‘स्पोर्ट पायलट’ हा सोपा परवाना आला. त्यासाठी किमान २० तासांचे उड्डाण पुरते आणि वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटार चालवण्याचा परवाना चालतो. २०२५ च्या जुलैमध्ये तेथे या नियमांत मोठी सुधारणा जाहीर झाली. वजनाची ठरावीक मर्यादा काढून टाकून तिच्या जागी स्टॉलच्या वेगाची अट घालण्यात आली. नवीन विमानांच्या मान्यतेसंबंधीचा भाग २०२६ च्या जुलैपासून लागू करण्याचे ठरले.

रचना : ही विमाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात नेहमीच्या छोट्या विमानाच्या चाकांच्या जागी, ज्यांच्या पोटात चाके लपतात असे दोन फ्लोट बसवतात. दुसऱ्या प्रकारात विमानाचे धडच होडीसारखे असते. या प्रकारात विमान कलंडू नये म्हणून पंखांच्या टोकांशी छोटे फ्लोट किंवा धडाच्या दोन्ही बाजूंना आडवे उभार असतात. होडीच्या धडाच्या विमानात माणसे पाण्याच्या अगदी जवळ बसतात, गुरुत्वमध्य खाली राहतो आणि हवेचा रोध कमी होतो. म्हणून हलक्या वर्गात हा प्रकार अधिक लोकप्रिय आहे.

तळाच्या मध्याच्या जरा मागे एक आडवी पायरी कोरलेली असते. पाणी सपाट तळाला चिकटून राहते व त्याला मागे खेचते. वेग वाढल्यावर पायरीशी हवा शिरते, पाणी तळापासून सुटते आणि विमान पाण्याच्या पृष्ठावर घसरू लागते. त्याआधीच्या टप्प्यात नाक वर येते आणि पाण्याचा रोध सर्वांत जास्त असतो. कमी शक्तीच्या विमानाची खरी परीक्षा याच टप्प्यात होते. तो ओलांडल्यावर नाक योग्य कोनात धरावे लागते. कोन चुकला तर विमान आळीपाळीने नाक व शेपटी आपटू लागते आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होत जाते.

प्रोपेलरवर तुषार उडू नयेत म्हणून एंजिन बहुधा पंखाच्या वर, मागच्या बाजूस तोंड करून बसवतात. त्यामुळे जोर गुरुत्वमध्याच्या बराच वरून लागतो. एंजिनाचा जोर वाढवला की नाक खाली झुकते आणि कमी केला की वर येते. इतर छोट्या विमानांवर शिकलेल्या वैमानिकाला ही उलटी प्रतिक्रिया नव्याने अंगवळणी पाडावी लागते. या वर्गात ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे ९१२ मालिकेतील ८० ते १०० अश्वशक्तीचे एंजिन सर्वाधिक आढळते. ते मोटारीच्या पेट्रोलवरही चालते.

प्रमुख विमाने : अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात तयार होणारे ‘सीरे’ १९९२ मध्ये प्रथम उडाले. सुट्या भागांचा संच घेऊन शेकडो मालकांनी ते स्वतः बांधले आहे. ऑस्ट्रेलियाचे मायकेल स्मिथ यांनी २०१५ मध्ये जादा इंधनाची सोय केलेल्या सीरेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ब्राझीलचे ‘सुपर पेट्रेल’ हे दुपंखी विमान फ्रान्सच्या क्लोद तिसरां यांच्या ‘हायड्रोप्लम’वरून विकसित झाले. ब्राझीलचेच ‘सीमॅक्स’ व फिनलंडचे ‘अटोल’ हीदेखील या वर्गातील परिचित नावे होत.

सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती कॅलिफोर्नियातील ‘आयकॉन ए५’ या विमानाला. कर्क हॉकिन्स व स्टीन स्ट्रँड यांनी २००६ मध्ये कंपनी स्थापली आणि २००८ मध्ये नमुना उडवला. मोटारीसारखे उपकरणफलक, दुमडणारे पंख, मोटारीमागे ओढून नेण्याची सोय आणि संपूर्ण विमान खाली आणणारे पॅराशूट ही त्याची वैशिष्ट्ये होत. पंखांचा आकार स्पिनला, म्हणजे स्टॉलनंतर गिरक्या घेत कोसळण्याला, सहजासहजी थारा न देणारा आहे. त्या आकारामुळे वजन वाढले आणि ६५० किग्रॅ.ची मर्यादा ओलांडली गेली. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने २०१३ मध्ये या कंपनीला सु. ७६२ किग्रॅ.पर्यंत खास सवलत दिली. प्रत्यक्षात विमानाचे कमाल वजन सु. ६८५ किग्रॅ. ठेवण्यात आले.

आकर्षण : धावपट्टी नसलेल्या ठिकाणीही उतरता येणे हे पहिले कारण. तळी, जलाशय व रुंद नद्या असलेल्या प्रदेशात वैमानिकाला शेकडो उतरण्याच्या जागा मिळतात आणि संध्याकाळी चाकांवर परतून विमान नेहमीच्या हँगरात ठेवता येते. केवळ फ्लोटच्या विमानाला ही सोय नसते. वेग कमी, काचेचे आवरण मोठे आणि पंख वर किंवा मागे असल्याने खालचे दृश्य मोकळे दिसते. तासाला सु. २० लिटर पेट्रोल लागत असल्याने इंधनाचा खर्च बेताचा असतो. पाण्यावर वाऱ्याच्या नेमक्या दिशेत तोंड करून उतरता येते, त्यामुळे आडव्या वाऱ्याची अडचण बरीचशी टळते. एंजिन बंद पडल्यास खाली पाणी असले तरी उतरायला जागा असते. वारा, लाटा, प्रवाह व किनारा यांचा एकत्र अंदाज घ्यावा लागत असल्याने या उड्डाणात कौशल्याला सतत वाव राहतो. अनुभवी वैमानिकांना त्याची ओढ वाटते ती याचसाठी.

मर्यादा : पहिली मर्यादा वजनाची. जुन्या नियमाने पाण्यासाठी फक्त ५० किग्रॅ. जास्त दिले. मजबूत तळ, चाके वर घेणारी यंत्रणा, पाणी उपसण्याचा पंप, नांगर व दोर यांत ते सहज संपते. आयकॉन ए५ चे रिकामे वजन सु. ४९० किग्रॅ. धरल्यास माणसे, सामान व इंधन यांसाठी सु. १९५ किग्रॅ. उरतात. टाकी पूर्ण भरल्यास त्यांतले सु. ५५ किग्रॅ. इंधनाचे. बाकीच्या १४० किग्रॅ.मध्ये प्रत्येकी ७० किग्रॅ.ची दोन माणसे बसतात, पण त्यांची पिशवी बसत नाही. इंधन कमी भरले तर पल्ला घटतो. ताशी १५० ते १७५ किमी.च्या आसपासच्या वेगामुळे लांबचा प्रवासही संथ होतो.

दुसरी मर्यादा पाण्याची. सु. ३० सेंमी.पेक्षा उंच लाटा या आकाराच्या बहुतेक विमानांना झेपत नाहीत. त्यामुळे उघडा समुद्र बहुधा वर्ज्य ठरतो. उंचावरच्या तळ्यांत विरळ हवेमुळे एंजिनाची व पंखांची क्षमता घटते आणि पाण्यातून सुटायला लागणारे अंतर बरेच वाढते. कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्या सीमेवरील लेक टाहो समुद्रसपाटीपासून सु. १,९०० मी. उंच आहे. उन्हाळ्याच्या दुपारी तेथे १०० अश्वशक्तीचे भरलेले विमान उतरू शकते, पण त्याला पुन्हा उडता येईलच असे नाही.

तिसरी मर्यादा देखभालीची. खाऱ्या पाण्यानंतर संपूर्ण विमान गोड्या पाण्याने धुवावे लागते. कार्बन तंतूंचे धड गंजत नाही, पण त्याला टेकलेले ॲल्युमिनियमचे भाग, चाकांचे बेअरिंग व ब्रेक लवकर खराब होतात. तळात साचलेल्या पाण्यातून परक्या शिंपल्यांची व वनस्पतींची बीजे एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत, याचीही काळजी घ्यावी लागते. शिवाय पिण्याच्या पाण्याचे साठे, संरक्षित क्षेत्रे व गर्दीची तळी यांवर उतरण्यास अनेक ठिकाणी बंदी असते.

चौथी मर्यादा खर्चाची. जलविमानांचा विमा जमिनीवरच्या विमानांपेक्षा महाग असतो. आयकॉन ए५ ची किंमत सुरुवातीला १,३९,००० डॉलर सांगितली गेली होती. सर्व साधनांनी सज्ज विमानाची किंमत २०१७ मध्ये ३,८९,००० डॉलरवर गेली. या कंपनीने २०२४ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. सुट्या भागांच्या संचातून बांधलेले विमान स्वस्त पडते, पण त्यासाठी मालकाला शेकडो तास स्वतः राबावे लागते.

सुरक्षितता : चाके उघडी ठेवून पाण्यावर उतरणे ही उभयचर विमानाची खास चूक होय. चाके पाण्यात अडकतात आणि विमान क्षणात नाकावर उलटते. म्हणून प्रत्येक उतरणीआधी वैमानिक चाकांची स्थिती मोठ्याने बोलून तपासतात. आरशासारखे स्थिर पाणी हाही मोठा धोका आहे. त्यावर नजर ठरत नाही आणि उंचीचा अंदाज चुकतो. अशा वेळी किनाऱ्याच्या जवळ, थोडा जोर ठेवून, अगदी मंद व एकसारख्या गतीने विमान पाण्याला टेकेपर्यंत खाली आणतात. पाण्यावर विमानाला ब्रेक नसतात आणि एंजिन सुरू होताच ते पुढे सरकू लागते. त्यामुळे धक्क्याला लावताना घाई महागात पडते.

तंत्रातील सुधारणा वैमानिकाच्या निर्णयाची जागा घेत नाहीत, हे २०१७ मधील दोन अपघातांनी दाखवले. मे महिन्यात कॅलिफोर्नियातील लेक बेरिएसा येथे आयकॉनचे प्रमुख अभियंते जॉन कार्को यांचे ए५ विमान चढत्या डोंगरांनी वेढलेल्या अरुंद दरीत शिरून कोसळले व विमानातील दोघेही मरण पावले. नोव्हेंबरमध्ये बेसबॉलपटू रॉय हॅलडे यांचे ए५ मेक्सिकोच्या आखातात कोसळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोन्ही प्रकरणांत पाण्यालगत कमी उंचीवर केलेल्या उड्डाणाकडे बोट दाखवले. पॅराशूट उघडायलाही उंची लागते आणि पाण्याच्या जवळून उडण्याच्या मोहात नेमकी तीच गमावली जाते.

भारतातील संदर्भ : डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर उतरवून दाखवलेले कोडियाक विमान किंवा ऑक्टोबर २०२० मध्ये साबरमती ते केवडिया या मार्गावर सुरू झालेले ट्विन ऑटर विमान या वर्गात मोडत नाहीत. ती टर्बाइन एंजिनांची, प्रवासी वाहतुकीची व अनेकपट जड विमाने आहेत. त्यांच्या अनुभवावरून हलक्या उभयचर विमानांबद्दल निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

मूल्यमापन : दोन माणसांनी, थोडक्या सामानासह, दिवसा व शांत गोड्या पाण्याच्या परिसरात तासा-दोन तासांचे उड्डाण करावे, या कामासाठी हे विमान उत्तम आहे. प्रवासाचे साधन म्हणून ते त्याच किमतीच्या जमिनीवरच्या विमानापुढे वेगात, पल्ल्यात व भारवहनात मागे पडते. नव्या नियमांमुळे वजनाचा जाच कमी होईल आणि तळ अधिक भक्कम, एंजिने अधिक शक्तीची करता येतील. लाटा, खारे पाणी व उतरण्याच्या परवानग्या यांवर मात्र या नियमांचा काही परिणाम होणार नाही.