घरातून पहिलाच कॉलेजात: फीचे पैसे कुठून आणि केव्हा येतात?

ज्या घरात आई-वडिलांपैकी कोणीही कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्या घरातून उच्च शिक्षणाला जाणाऱ्या मुलामुलींना ‘पहिल्या पिढीतील विद्यार्थी’ म्हणतात. अशा घरांत अनेकदा पैशांची चणचण असते. पण कोणता अर्ज केव्हा भरायचा हे सांगणारं घरात कोणी नसणं, ही अडचणही तितकीच मोठी. महाराष्ट्रात फी सवलतीच्या योजना बऱ्याच आहेत. मात्र एक दाखला वेळेत मिळाला नाही, तर हक्काची सवलत हातची जाते.

फी किती माफ होते?

इंजिनिअरिंग, फार्मसी, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुख्य सवलती अशा:

- अनुसूचित जाती-जमाती: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यात फीसोबत निर्वाह भत्ताही मिळतो.
- ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील मुलगे: उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत.
- ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुली: ८ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ.

अट महत्त्वाची: मुलींच्या या १०० टक्के माफीसाठी प्रवेश सरकारी ‘कॅप’ फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली, की माफी नाही.

‘फी माफ’ म्हणजे सगळं माफ?

नाही. मुलींच्या माफीत शिक्षण आणि परीक्षा शुल्क येतं. खोलीभाडं, मेस, एसटीचा पास, पुस्तकं हा खर्च उरतोच. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळतात. आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनेक कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजनाही चालते.

कागदपत्रं केव्हा काढायची?

बारावीचा निकाल लागण्याआधी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर यांसाठी ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात अर्ज करता येतो. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागू शकतो, म्हणून त्याचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा.

यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरले जातात. दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. आपोआप काही होत नाही.

पैसे कोणाच्या खात्यात येतात?

विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. दोन बँकांत खाती असतील, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते. अनेक पालकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, काही शिष्यवृत्त्यांत फीची रक्कम आधी या खात्यात येते आणि ती कॉलेजला भरायची असते. ती घरखर्चात गेली, तर कॉलेजची थकबाकी डोक्यावर बसते.

कर्ज घ्यावं का?

सवलती वजा करून जेवढी गरज उरते, तेवढंच. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. सरकारी हमी योजनेत ही मर्यादा ७.५ लाख आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. व्याज सवलतीला पात्र आहोत का, हे कर्ज घेतानाच बँकेत विचारावं.

पावतीशिवाय पैसे मागितले तर?

देऊ नयेत. ठरलेल्या फीव्यतिरिक्त देणगी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी तो आकडा पाहिला, तर चार वर्षांचा हिशेब घरबसल्या मांडता येतो.