अकरा लाखांचं पेन

२००९ सालच्या सप्टेंबरअखेर, गांधी जयंती दोन-तीन दिवसांवर आली असताना, आपल्या देशात एक पेन विक्रीला आलं. हॅम्बुर्गच्या 'माँ ब्लाँ' कंपनीचं. किंमत सुमारे ११ लाख ३९ हजार रुपये आणि नाव महात्मा गांधींचं. पेनं काढली होती फक्त २४१, कारण दांडीयात्रेचं अंतर २४१ मैल. निब १८ कॅरट सोन्याची आणि तिच्यावर काठी घेऊन चालणारे बापू कोरलेले. अंग पांढरंशुभ्र, त्याभोवती सोन्याची तार गुंडाळलेली. ही म्हणे चातीवरच्या सुताची आठवण! वर भगव्या छटेचा एक खडा.

व्हायचा तो गदारोळ झाला. गांधीजींच्या पणतूंच्या संस्थेला कंपनीनं देणगी दिली होती, तीवरूनही बोललं गेलं. केरळात ग्राहक चळवळीतले एक कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले. राष्ट्रपुरुषांची नावं आणि चित्रं व्यापारासाठी वापरण्याला आळा घालणारा १९५० सालचा कायदा आहे, त्याचा आधार त्यांनी घेतला. २०१० च्या सुरुवातीला कंपनीनं विक्री थांबवली आणि प्रकरण तिथंच विरलं.

कायद्याची बाजू वकिलांकडे सोडू. मला त्या वेळी वेगळीच चुटपुट लागून राहिली होती. गांधीजी आणि पेन यांचा एक खरा इतिहास आहे, त्याचा एक पाय आपल्या वर्ध्यात आहे, आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात त्याची आठवण फारच थोड्यांना झाली.

आंध्रातल्या राजमहेंद्रीत के. व्ही. रत्नम नावाचे एक कसबी कारागीर होते. सर्वसामान्यांच्या उपयोगाची एखादी स्वदेशी वस्तू करा, असं गांधीजींनी त्यांना सुचवलं. रत्नम यांनी निवडलं ते फाउंटन पेन. हे धाडसच होतं. टोपण आणि नळी लेथवर कातता येते, पण निब, तिच्या टोकावरचा कठीण धातूचा कण आणि निबेखालची जीभ ही त्या काळी परदेशी विद्या होती. त्यांनी खटपट करून पेन तयार केलं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम १९३४ अखेर वर्ध्यात सुरू झालं होतं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्तेधर्ते होते. त्यांच्या हस्ते ते पेन गांधीजींकडे पोचलं. जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी रत्नम यांना चार ओळींचं पत्र लिहिलं. पेन वापरून पाहिलं, बाजारात मिळणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असा त्याचा मथितार्थ. यात 'वापरून पाहिलं' हे महत्त्वाचं. तपासणी लिहून झाली, नुसतं हातात धरून नव्हे.

काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली गोष्ट तर अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. १९१५ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी गांधीजी टेबलावर काहीतरी शोधत होते. काय, तर दोनएक इंचांचा पेन्सिलीचा तुकडा. काकांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती चालेना. तो तुकडा मद्रासला नटेसन यांच्या छोट्या मुलानं प्रेमानं दिलेला होता! तो सापडला तेव्हाच ते स्वस्थ झाले. म्हणजे लिहिण्याच्या साधनावर जीव जडण्याला गांधीजींची हरकत नव्हती. फक्त तो जीव त्यांनी बाजारभावाला बांधलेला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाग पेन घेण्यात काही अर्थ आहे का? मला हा प्रश्न बरेच जण विचारतात, कारण माझ्या खिशाला नेहमी शाईचं पेन असतं आणि कधीमधी शाईचा डागही. उत्तर देण्याआधी पेनाला किंमत कशी चढत गेली ते पाहायला हवं.

आपल्याकडे बोरू होता. वेताची किंवा बोरूची काडी घ्यायची, चाकूनं तिरपी छाटायची, मध्ये चीर द्यायची. किंमत जवळजवळ शून्य. शाई काजळी आणि डिंकाची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद पडून आहेत, ते असल्या फुकटच्या साधनानं लिहिलेले. आणि ती शाई अजून काळीभोर आहे, कारण काजळी म्हणजे शुद्ध कार्बन, तो उडत नाही. मात्र हीच शाई फाउंटन पेनात भरली तर तासाभरात पेन चोंदेल.

फाउंटन पेनाची सारी अक्कल त्या जिभेत आहे. निब सगळ्यांना दिसते, जीभ कुणी पाहत नाही. बारीक खाचांतून शाई केशाकर्षणानं खाली येते, आणि जेवढी शाई खाली उतरते तेवढी हवा वर टाकीत गेली पाहिजे. हा हिशेब चुकला की एक तर पेन लिहीत नाही, नाहीतर खिसा निळा करतं. १८८४ मध्ये अमेरिकेत लुइस वॉटरमन यांनी अशा जिभेचं पेटंट घेतलं आणि धंदा खऱ्या अर्थानं सुरू झाला. पाठोपाठ जेन्सव्हिल गावात तारायंत्र शिकवणारे जॉर्ज पार्कर आले. विद्यार्थ्यांची गळकी पेनं दुरुस्त करता करता त्यांनी स्वतःचं पेन काढलं.

मग सोनं कशासाठी? चैन म्हणून नव्हे. त्या काळच्या शाया आम्लधर्मी असत, त्यांनी पोलादी निब काही आठवड्यांत खाऊन टाकली असती. सोन्याला आम्ल लागत नाही, म्हणून १४ कॅरटची निब. पण सोनं मऊ, कागदावर घासून झिजणारं, म्हणून टोकाला इरिडियम-ऑस्मियमच्या जातीतल्या कठीण धातूचा मोहरीहून लहान कण डाखलेला. म्हणजे सोन्याच्या निबेतलं सोनं कागदाला कधी शिवतच नाही! पुढे न गंजणारं पोलाद आलं, शायाही सौम्य झाल्या, आणि सोन्याची गरज संपली. तरी सोनं राहिलं. नेहमीच्या निबेत ते ग्रॅमभराच्याही आत असतं. भाव कितीही चढला तरी लाखांचा हिशेब तेवढ्यात बसत नाही.

असं असूनही त्या पेनांच्या किमतीला आधार होता. १९४१ साली बाजारात आलेलं 'पार्कर ५१' घ्या. साडेबारा डॉलर ही त्या वेळी मोठी रक्कम होती. पण झाकलेली निब, लवकर वाळणारी शाई आणि वीस-तीस वर्षं टिकणारं अंग, हे सगळं त्यात मिळत होतं. मे १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीच्या वेळी आयसेनहॉवर यांच्याकडे हीच पेनं होती. आपल्याकडे मुंजीत, मॅट्रिक झाल्यावर किंवा लग्नात सासऱ्याकडून पार्कर मिळणं ही गावात सांगण्यासारखी गोष्ट असे. दुकानदार त्यावर नाव कोरून देई. परदेशी मालावर निर्बंध आले तेव्हा शांघायच्या 'हीरो'नं त्याच घाटाचं पेन स्वस्तात दिलं, आणि 'विल्सन', 'एअरमेल' ही आपली पेनं तर होतीच. शाई गिरगावातली. १९३१ मध्ये दांडेकरांनी सुरू केलेला शाईचा धंदा पुढे 'कॅम्लिन' झाला, हे सांगायला नकोच.

आणि मग सगळं उलटं झालं. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यू यॉर्कच्या गिंबेल्स या दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन विकायला आलं. किंमत बरोब्बर साडेबारा डॉलर, पार्करइतकीच. पहिल्याच दिवशी सुमारे दहा हजार पेनं खपली. ती गळत होती, अडकत होती, पण लोकांना नव्या गोष्टीचं वेड. दोन-तीन वर्षांत त्याच वस्तूची किंमत एका डॉलरच्या खाली घसरली. १९५० मध्ये फ्रान्समध्ये बिकचं पारदर्शक षट्कोनी बॉलपेन आलं आणि लिहिण्याचं साधन पुन्हा बोरूइतकं स्वस्त झालं. आमच्या शाळेत बॉलपेनानं लिहिलं तर छडी मिळे, अक्षर बिघडतं म्हणून. मास्तर निवृत्त झाले आणि छडीबरोबर तो नियमही गेला.

शाईच्या पेनांचे कारखाने यात बुडायचे ते बुडाले. जे तगले त्यांनी एक वेगळा रस्ता धरला. माँ ब्लाँ हे त्याचं ठळक उदाहरण. ही कंपनी पूर्वी शाळकरी मुलांसाठीही पेनं करत असे. १९७७ मध्ये ती डनहिल या चैनीच्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे गेली आणि स्वस्त पेनं हळूहळू बंद झाली. राहिलं ते दागिन्याच्या दुकानात ठेवायचं पेन. त्याच्या काळ्या अंगाला कंपनी 'मौल्यवान' राळ म्हणते. आपण त्याला चांगल्या प्रतीचं प्लास्टिक म्हणू. निबेवर ४८१० हा आकडा असतो, तो माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. उंचीचा लिहिण्याशी काय संबंध, हे विचारायचं नाही!

माझं म्हणणं असं, की पेन खरं महाग झालं ते त्याची गरज संपल्यावर. जोवर त्यावर पोट होतं तोवर किंमत कामाची होती, नंतर ती मिरवण्याची झाली. मिरवू नये असं मी म्हणत नाही. लोक पैठण्या घेतात, घड्याळं घेतात. पण पैठणी घेताना ती थंडीवर उपाय आहे असं कुणी सांगत नाही. महाग पेन घेणारा मात्र हमखास सांगतो, की याचं लिखाणच वेगळं.

वेगळं असतं का? काही अंशी असतं. साध्या निबेच्या टोकाला शेवटची घासणी हातानं झालेली नसते आणि चांगल्या निबेला ती असते, हा फरक बोटांना कळतो. ज्याला रोज पाच-सहा पानं लिहायची आहेत त्यानं त्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत. बाबासाहेब आंबेडकरांना उत्तम पेनांचा शौक होता, आणि त्यांच्या लिखाणाचा डोंगर पाहिला तर तो चैनीचा म्हणवत नाही, सुताराच्या चांगल्या रंध्यासारखा वाटतो. पण हा फरक काही हजारांत संपतो. त्याच्या वरचे पैसे खड्याचे, तारेचे आणि नावाचे.

राज्यघटनेचंच पाहा. तिची इंग्रजी मूळ प्रत दिल्लीच्या प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिली, सहा महिने खपून, एक पैसा मेहनताना न घेता. साधन होतं टाक आणि दौत. ३०३ नंबरच्या निबा, झिजल्या की फेकायच्या. अशा शेकडो निबा त्या कामी आल्या. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली, आणि तिचा हातकागद आपल्या पुण्यात तयार झाला होता. देशातलं सर्वांत मोलाचं हस्तलिखित, आणि त्यातलं लिहिण्याचं साधन आण्यांच्या हिशेबातलं.

माझ्याकडे आहे ते पेन जुन्या बाजारातलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव कोरलेलं. निब चौदा कॅरटची आहे, तिचं टोक आधीच्या मालकाच्या हातानं डावीकडे किंचित झिजलंय. सुरुवातीला ती माझ्याशी भांडली, आता रुळली आहे. महिन्यातून एकदा कोमट पाण्यानं धुतो. कपाटातल्या मखमलीच्या पेटीत शाई भरून ठेवलेलं लाखाचं पेनही वर्षभरात चोंदतं, तिथं ब्रँड कामाला येत नाही.

आणि घ्यायचंच ठरवलं असेल तर दुकानात काउंटरवर इंग्रजी सही मारून पेन पसंत करू नका. सही सगळ्याच पेनांनी छान येते. आपला कागद घरून न्या. मराठीत चार ओळी लिहा, 'ळ', 'क्ष', 'ह्या' असली वळणं त्यात येऊ द्या, आणि वर शिरोरेषा एका दमात ओढा. निब चरचरते ती तिथं, शाई तुटते तीही तिथंच. दुकानदार जरा चुळबुळ करील, त्याला करू द्या.