पट्टीत न बसलेला धूर

कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मस्जिद बंदरातून इकडे तुर्भ्याला आला तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. मी अडत्याच्या गाळ्यावर मेहताजी. चोपड्यांबरोबर मीही आलो. मस्जिदला नाशिकचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकायचा, इंजिन घरघरत राहायचं आणि पुढचं काम हातगाडीचं नाहीतर माथाड्याच्या पाठीचं. तुर्भ्यात ट्रक थेट गाळ्याच्या दारात लागू लागला. एवढ्यापुरता नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा हिशेब चोख होता.

पण माल इकडे आला, गिऱ्हाईक बरंचसं तिकडेच राहिलं. दादरचा किरकोळवाला पहाटे रिकामा टेम्पो घेऊन खाडीपुलावरून यायचा आणि ठाण्यावरून उतरलेला कांदा भरून पुन्हा खाडीपलीकडे न्यायचा. शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीत हमाली, तोलाई, मोटारभाडं सगळं कापलं जायचं. रिकाम्या टेम्पोच्या डिझेलला रकानाच नव्हता. कल्याण-डोंबिवलीवाल्यांना मात्र तुर्भे जवळ पडलं, हेही खरं. म्हणून बाजार हलवला हे चुकलं, असं मी म्हणणार नाही. १९९६ मध्ये भाजी आणि फळंही आलीच.

चुकला तो क्रम. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' मासिकात मुंबईच्या खाडीपलीकडे नव्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा घरं, कामं आणि वाहतूक एकत्र वाढायची होती. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. पण मंत्रालय हललं नाही आणि नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टॉवर उभे राहत गेले. खाडीपूल १९७३चा, वाशीची लोकल १९९२ची. मधली एकोणीस वर्षं माणसं बसला लोंबकळत गेली. ज्याला जमलं त्याने स्कूटर घेतली. एकदा घेतलेली स्कूटर लोकल आली म्हणून कोण विकतो?

सेक्टरमधलं मात्र मानलं पाहिजे. वाशीत शाळा, पिठाची गिरणी, वाण्याचं दुकान, सगळं पायी. आमच्या घरात मुलांच्या शाळेसाठी कधी रिक्षा लावावी लागली नाही.

सिडकोच्या पुढच्या नोडांत, म्हणजे वसाहतींत, पुन्हा तोच क्रम. खारघरच्या आतल्या सेक्टरांत इमारती केव्हाच भरल्या. बेलापूर-पेंधर मेट्रो धावली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. तिथल्या माझ्या भाच्याने मग दोनपैकी एक मोटारसायकल काढून टाकली. चारचाकी ठेवलीय, कारण नोकरी पवईला.